‘सेल्फ’चा जनक चार्ल्स केटरिंग

पौष-माघातली पहाट. धार जिल्ह्यातील गंधवानीसारख्या गावी रात्रभर उघड्यावर उभी असलेली जीप किल्ली फिरवताच ‘टक्’ असा एकच आवाज करते आणि गप्प होते. चालक आधी दिवे लावून पाहतो. ते मंदावले, तर दोष बहुधा बॅटरीचा. मग तिच्या टोकांवर साचलेले पांढरट-हिरवट क्षार खरवडायचे, तारा घट्ट करायच्या, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा आधार घ्यायचा. डिझेल गाडी असल्यास हीटर प्लग पुरेसा तापू द्यायचा, आणि काहीच साधले नाही तर चार माणसे बोलावून धक्का द्यायचा. गोव्याच्या किनाऱ्यावर असा प्रसंग क्वचितच येतो. पण ‘सेल्फ लागत नाही’ हे वाक्य सर्वत्र सारखेच परिचित आहे. हा ‘सेल्फ’ ज्याने मोटारीत बसवला, त्या चार्ल्स फ्रँकलिन केटरिंगचे नाव मात्र फारसे कोणाच्या ओठी नसते.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, लाउडनव्हिलजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. दृष्टी लहानपणापासूनच अधू. काही काळ त्याने शाळेत शिकवले, पुढे महाविद्यालयात प्रवेश घेतला. परंतु डोळ्यांच्या त्रासापायी शिक्षण खंडित झाले. त्या काळात त्याने टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काम केले. अभ्यासाला परतल्यावर सहाध्यायी त्याला पुस्तके वाचून दाखवीत. १९०४ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठाची विद्युत अभियांत्रिकीची पदवी त्याने मिळवली, तेव्हा वयाची अठ्ठाविशी जवळ आली होती.

डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्याला नोकरी लागली. दुकानातल्या गल्ल्याचे यंत्र तोवर हाताने दांडा फिरवून चालवावे लागे. केटरिंगने त्याला विजेची छोटी मोटर जोडली. पुढच्या शोधाचे बीज येथेच होते. गल्ल्याचे यंत्र दिवसभर अखंड चालत नाही. ते क्षणभर जोराने फिरते आणि थांबते. एवढ्या अल्प वेळासाठी लहान मोटरवरही तिच्या क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक भार टाकता येतो. ती तापून जळण्याआधीच काम उरकलेले असते.

त्या काळी मोटार सुरू करणे म्हणजे हँडल मारणे. ठिणगीची वेळ चुकली की इंजिन उलटा झटका देई आणि हँडल हातावर किंवा जबड्यावर आदळे. म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरण्याची शिकवण असे. थंडीत हे काम अधिकच जिकिरीचे होई. तेल घट्ट झालेले, पेट्रोलची वाफ नीट होत नाही. त्यामुळे अधिक जोर लावून पुन्हापुन्हा फिरवावे लागे, आणि प्रत्येक फेरीला उलट्या झटक्याची भीती. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लीलंड यांचे मित्र बायरन कार्टर अशाच अपघातातून दगावले आणि त्या दुःखातून स्टार्टरचा ध्यास जन्मला, असे सांगितले जाते. ही कथा जपूनच घ्यावी, कारण कार्टर १९०८ मध्येच निवर्तले होते आणि स्टार्टरचे काम त्यानंतर बऱ्याच काळाने सुरू झाले. लीलंड यांना हँडल नकोसे झाले होते, एवढे निश्चित.

एडवर्ड डीड्स यांच्या घरामागील कोठारात केटरिंग आणि त्याचे सहकारी रात्री जागवत होते. याच धडपडीतून १९०९ मध्ये ‘डेल्को’ ही कंपनी उभी राहिली. इंजिन फिरवण्याइतकी शक्तिमान मोटर गाडीत मावणार नाही, अशी जाणकारांची खात्री होती. अखंड चालणाऱ्या मोटरचा हिशेब मांडला तर त्यांचे खरेच होते. केटरिंगने हिशेब मांडला तो काही सेकंदांचा. शिवाय इंजिन सुरू झाल्यावर तीच मोटर जनित्र होऊन बॅटरीत वीज परत भरी. उचल घेतलेली वीज फेडण्याची ही सोय नसती, तर सारी युक्ती दोन दिवसांत निकामी ठरली असती. थंडीत नेमके हेच गणित बिघडते: बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि घट्ट तेलामुळे मागणी वाढते.

फेब्रुवारी १९११ मध्ये नमुना तयार झाला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत स्टार्टर आला. या विद्युत योजनेसाठी कॅडिलॅकला लंडनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. मनगटात बळ नसलेल्यांनाही आता एकट्याने मोटार काढता येऊ लागली. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा सुलभतेचा मोठा गुण त्यामुळे लोपला आणि त्या मागे पडल्या. विजेच्याच मोटरने विजेच्या गाडीला बाजूला सारावे, हा विलक्षण योग.

पुढे केटरिंगने जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाची धुरा १९४७ पर्यंत वाहिली. पण त्याच्या चरित्राचा एक काळा भाग टाळता येत नाही. त्याच्या हाताखाली टॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये इंजिनातील ठोका थांबवणारे शिशाचे संयुग शोधले. अल्कोहोलनेही तो ठोका थांबतो, हे दोघांना ठाऊक होते. तरीही शिसे निवडले गेले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार मरण पावले. हे संयुग विकणाऱ्या एथिल कंपनीचा पहिला अध्यक्ष केटरिंगच होता. माणसाच्या हाताला होणारी इजा ज्याने ओळखली, त्याला फुप्फुसांवाटे होणारी इजा विक्री थांबवण्याइतकी मोठी वाटली नाही, हे अक्षम्यच. भारतात शिसेयुक्त पेट्रोल पूर्णपणे बंद व्हायला २००० साल उजाडावे लागले.

आल्फ्रेड स्लोन यांच्यासह त्याने न्यूयॉर्कच्या कर्करोग संशोधन संस्थेला १९४५ मध्ये आपले नाव आणि बळ दिले. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी त्याचे निधन झाले. त्या वेळी भारतात हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर नुकतीच रस्त्यावर आली होती. तिच्यात सेल्फ होता. आणि थंडीत तो दगा देईल म्हणून डिकीत हँडलही ठेवलेले असे.