पावसाचा उस्ताद

पावसाळ्यात आपल्या खडकीतून जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता निसरडा होतो. जोरात ब्रेक दाबला, तर गाडी घसरते. म्हणून शहाणा चालक वेग कमी करतो. पण अशाच ओल्या रस्त्यावर सर्वांच्या पुढे जाणारा एक मोटार-शर्यतपटू जर्मनीत होऊन गेला. त्याचे नाव रुडॉल्फ काराचिओला.

रुडॉल्फचा जन्म ३० जानेवारी १९०१ रोजी ऱ्हाइन नदीकाठच्या रेमागेन गावी झाला. त्याच्या वडिलांचे हॉटेल होते. रुडॉल्फला मात्र मोटारींचे वेड होते. ड्रेस्डेन शहरात तो मोटारी विकण्याचे काम करी आणि शर्यतींत भाग घेई.

१९२६ साली बर्लिनला जर्मन ग्रां प्री ही मोठी शर्यत होती. सुरुवातीलाच रुडॉल्फच्या मर्सिडीजचे इंजिन बंद पडले. सोबतच्या मेकॅनिकने खाली उतरून गाडी ढकलली. तोवर इतर मोटारी दूर गेल्या होत्या. पुढे मुसळधार पाऊस आला. एक मोटार घसरली आणि तिने तीन माणसांचा बळी घेतला. रुडॉल्फ मात्र शांतपणे, रस्त्याचा अंदाज घेत गाडी चालवत राहिला. शर्यत संपली, तेव्हा आपण जिंकलो हेही त्याला ठाऊक नव्हते! लोक त्याला पावसाचा उस्ताद म्हणू लागले. १९३१ साली इटलीतील सुमारे १६०० किलोमीटरची मिले मिलिया शर्यत जिंकणारा तो पहिला परदेशी चालक ठरला.

मग संकटे आली. १९३३ साली मोनॅको येथे सराव करताना ब्रेक निकामी झाले आणि मोटार भिंतीवर आदळली. त्याच्या उजव्या मांडीचे हाड मोडले. तो पाय कायमचा सुमारे पाच सेंटिमीटर आखूड झाला. १९३४ साली त्याची पत्नी शार्लोट बर्फाचा कडा कोसळून मरण पावली. रुडॉल्फ खचून गेला. तरीही त्याच वर्षी तो पुन्हा शर्यतीत उतरला. दुखरा पाय घेऊनच तो १९३५, १९३७ व १९३८ साली युरोपचा विजेता झाला.

त्या काळी जर्मनीत हिटलरची सत्ता होती. आपल्या प्रचारासाठी ते सरकार अशा विजयांचा उपयोग करी. वेगाचे वेडही वाढले होते. २८ जानेवारी १९३८ रोजी रुडॉल्फने सार्वजनिक रस्त्यावर ताशी ४३२ किलोमीटरहून अधिक वेग गाठला. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर तो विक्रम मोडू पाहणारा बर्न्ड रोझमायर अपघातात ठार झाला.

१९३९ साली रुडॉल्फने सहाव्यांदा जर्मन ग्रां प्री जिंकली. तेव्हाही पाऊस होताच. १९५२ साली बर्न येथील अपघातात त्याचा दुसरा पाय मोडला आणि शर्यती संपल्या. २८ सप्टेंबर १९५९ रोजी तो मरण पावला.

मुलांनो, वेग तर इतरांपाशीही होता. रुडॉल्फपाशी त्याबरोबर संयम होता आणि पडल्यावर पुन्हा उठण्याची हिंमत होती. म्हणूनच त्याचे नाव आजही घेतले जाते.