राज्य नाकारणारा राजपुत्र

जन्माने मिळालेले श्रेष्ठत्व आपणहून सोडणारी माणसे इतिहासात विरळाच. पीटर क्रोपोत्किन हे त्यांपैकी एक. १८४२ साली मॉस्कोच्या सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या मालकीचे जवळजवळ बाराशे भूदास होते. हा आकडा फक्त पुरुषांचा, बायका मोजण्याची पद्धतच नव्हती! क्रोपोत्किन यांनी लहान वयातच नावामागची 'प्रिन्स' ही पदवी टाकून दिली.

१८६२ ते १८६७ ते सैबेरियात लष्करी अधिकारी होते. वरून सुटलेल्या हुकमांनी रयतेचे भले होत नाही, हे त्यांनी तिथे पाहिले. पुढे भूगोलतज्ज्ञ म्हणून नाव झाले. १८७१ साली रशियन भूगोल संस्थेचे सचिवपद चालून आले. पण भोवती माणसे भाकरीला मोताद असताना ते त्यांनी नाकारले. १८७२ साली स्वित्झर्लंडमधील घड्याळ कारागिरांची स्वावलंबी संघटना पाहून ते अराज्यवादी झाले. राज्य नको, वर्ग नको, माणसांनी परस्पर सहकार्याने जगावे, हा तो विचार. १८७४ मध्ये झारने तुरुंगात टाकले, १८७६ मध्ये ते निसटले. १८८३ साली फ्रान्सने पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. दुबळ्याने मरावे हा निसर्गनियम आहे असे सांगणाऱ्यांना त्यांनी १९०२ च्या 'म्युच्युअल एड' या ग्रंथातून उत्तर दिले : जे एकमेकांना साथ देतात तेच तगतात.

१९१७ च्या क्रांतीनंतर ते मायदेशी परतले. केरेन्स्की सरकारातले मंत्रिपद त्यांनी घेतले नाही. बोल्शेविकांनी माणसे ओलीस धरण्याचे धोरण स्वीकारले तेव्हा १९२० मध्ये त्यांनी लेनिनला निषेधाचे पत्र धाडले. ८ फेब्रुवारी १९२१ रोजी त्यांचे निधन झाले. कुटुंबीयांनी सरकारी इतमामही नाकारला.

या माणसापुढे आम्ही आदराने उभे राहतो. तरीही एक प्रश्न विचारणे आम्हाला भाग आहे. क्रोपोत्किन यांचा भरवसा गावसमाजावर होता. आमच्याकडे गाव एकजूट करतो तो कोणाविरुद्ध? किराणा बंद, दळण बंद, पाणी बंद, यालाही गावकऱ्यांचे परस्पर सहकार्यच लागते! म्हणूनच महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्यांच्या गौरवाला विरोध केला, तो याच अनुभवातून. वेशीबाहेरच्या माणसाला राज्य हे ओझे असेल, पण तेच त्याचे कवचही आहे.

मात्र नुसत्या कायद्याने माणूस माणसाशी जोडला जात नाही, हे आम्ही कोर्टात रोज पाहतो. राज्य विरून गेले तर त्याची जागा कोण घेणार, असा सवाल बाबासाहेबांनी मार्क्सवाद्यांना केला आणि उत्तर धम्मात शोधले. क्रोपोत्किन ज्याला परस्पर साहाय्य म्हणत, त्याला आपण मैत्री म्हणतो. जात शिल्लक असेपर्यंत मैत्री जातीच्या वेशीपाशी अडते. आधी ती वेस पाडू या; राज्य हवे की नको, हा प्रश्न त्यानंतरचा.