आंद्रेई कोल्मोगोरोव्ह

आंद्रेई निकोलायेविच कोल्मोगोरोव्ह (जन्म : तांबोव्ह, रशिया, २५ एप्रिल १९०३, मृत्यू : मॉस्को, २० ऑक्टोबर १९८७) हे विसाव्या शतकातील अग्रगण्य रशियन गणितज्ञ होते. संभाव्यताशास्त्राची गृहीतकांवर आधारलेली मांडणी ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कामगिरी होय. सोव्हिएत संघातील गणित ऑलिंपियाड, गणित-भौतिकीची निवासी शाळा आणि विद्यार्थ्यांसाठीचे ‘क्वांत’ हे मासिक यांच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता.

बालपण आणि शिक्षण

कोल्मोगोरोव्ह यांची आई त्यांच्या जन्माच्या वेळीच मरण पावली. मावशी व्हेरा याकोव्हलेव्हना यांनी त्यांना दत्तक घेतले व यारोस्लाव्हलजवळील तुनोश्ना या गावी, आजोळी, त्यांचा सांभाळ केला. घरातच मावश्यांनी लहान मुलांसाठी एक शाळा चालविली होती. त्या शाळेच्या घरगुती मासिकातील गणिताचा विभाग छोट्या आंद्रेईकडे असे. १+३=४, १+३+५=९ अशा रीतीने क्रमवार विषम संख्यांची बेरीज नेहमी वर्गसंख्याच येते, हे त्यांना वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी स्वतःहून उमगले. शोधाचा हा पहिला आनंद त्यांच्या पुढील शिक्षणविचाराच्या मुळाशी राहिला.

१९२० साली त्यांनी मॉस्को विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे निकोलाय लुझिन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९२२ साली, वयाच्या १९व्या वर्षी, त्यांनी जवळजवळ सर्वत्र अपसारी असणाऱ्या फूर्ये श्रेढीचे उदाहरण रचले आणि त्यामुळे ते गणितज्ञांच्या जगात परिचित झाले. याच काळात, १९२२ ते १९२५ या वर्षांत, पोतिलिखा येथील प्रायोगिक शाळेत ते गणित व भौतिकी शिकवीत होते.

संशोधन

१९३१ साली ते मॉस्को विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जर्मन ग्रंथाने संभाव्यताशास्त्राला भक्कम तार्किक पाया मिळवून दिला. १९३९ साली त्यांची सोव्हिएत विज्ञान अकादमीवर निवड झाली. प्रवाहांमधील संक्षोभ, ग्रहगतीचे स्थैर्य आणि माहितीची जटिलता या विषयांवरही त्यांनी मूलगामी काम केले. १९६२ साली ते भारतात आले असता कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने त्यांना मानद पदवी दिली. त्या संस्थेतील श्रीनिवास वरदन यांच्या प्रबंधाचे ते एक परीक्षक होते.

ऑलिंपियाड आणि गणित मंडळे

शालेय गणित स्पर्धांची परंपरा हंगेरीत १८९४ पासून होती. सोव्हिएत संघात १९३४ साली लेनिनग्राडमध्ये आणि १९३५ साली मॉस्कोत अशी ऑलिंपियाड सुरू झाली. मॉस्कोतील उपक्रमात पावेल अलेक्सांद्रोव्ह यांच्यासह कोल्मोगोरोव्ह यांचा सहभाग होता. त्याच सुमारास विद्यापीठात शालेय विद्यार्थ्यांची गणित मंडळे भरू लागली. तेथे शाळकरी मुले संशोधकांची व्याख्याने ऐकत व अभ्यासक्रमाबाहेरील उदाहरणे सोडवीत.

स्पर्धेतील यशाला त्यांनी कधीही अवाजवी महत्त्व दिले नाही. ठरावीक तासांत युक्ती सुचणे आणि एकाच प्रश्नावर महिनोन्महिने चिकाटीने विचार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांचे मत होते. त्यामुळे ऑलिंपियाडमध्ये मागे पडलेल्या मुलाने निराश होण्याचे कारण नाही, हे ते आवर्जून सांगत. गणितज्ञाच्या व्यवसायाविषयी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत त्यांनी बीजगणितीय राशी कौशल्याने हाताळणे, भौमितिक कल्पनाशक्ती आणि तर्कशुद्ध विचार या तीन क्षमतांचे विवेचन केले आहे.

निवासी शाळा आणि ‘क्वांत’

मोठ्या शहरांतील मुलांना गणित मंडळे व विशेष शाळा उपलब्ध होत्या; खेड्यांतील व लहान गावांतील मुले मात्र त्यांना मुकत. ही उणीव भरून काढण्यासाठी १९६३ साली मॉस्को, लेनिनग्राड, नोव्होसिबिर्स्क व कीव्ह येथील विद्यापीठांशी जोडलेल्या निवासी शाळांची योजना आकारास आली. त्यांपैकी मॉस्कोची १८ क्रमांकाची शाळा कोल्मोगोरोव्ह यांनी भौतिकीशास्त्रज्ञ इसाक किकोइन यांच्या सहकार्याने उभारली. प्रांतोप्रांतीच्या ऑलिंपियाडमधून विद्यार्थी निवडले जात. जगद्विख्यात गणितज्ञ असूनही कोल्मोगोरोव्ह तेथे अनेक वर्षे स्वतः वर्ग घेत आणि विद्यार्थ्यांसाठी टिपणे तयार करीत. मुलांबरोबर संगीत ऐकणे, काव्यावर चर्चा करणे आणि दूरवर पायी भटकंती करणे हेही त्यांच्या शिक्षणाचे अंग होते. हिल्बर्टच्या दहाव्या प्रश्नाचा १९७० साली निकाल लावणारे युरी मतियासेविच याच शाळेचे विद्यार्थी होत.

१९७० साली ‘क्वांत’ हे मासिक सुरू झाले. किकोइन त्याचे प्रमुख संपादक होते, तर गणिताची बाजू कोल्मोगोरोव्ह यांनी सांभाळली. मासिकातील उदाहरणांची उत्तरे वाचक टपालाने पाठवीत. ज्या गावी गणित मंडळ नव्हते तेथील मुलालाही अशा रीतीने त्यात भाग घेता येई.

अभ्यासक्रम सुधारणा आणि वाद

१९६०च्या दशकात सर्व शाळांच्या गणित अभ्यासक्रमाच्या पुनर्रचनेचे कामही त्यांच्याकडे आले. नव्या पाठ्यपुस्तकांत संचाची भाषा, भौमितिक रूपांतरे व काटेकोर व्याख्या आल्या. निवडक, उत्सुक मुलांना भावलेली ही शैली सर्वसाधारण वर्गात मात्र जड गेली. शिक्षकांची पुरेशी तयारी झालेली नव्हती आणि पालकांनाही मुलांची पुस्तके समजेनाशी झाली. १९७८ साली अकादमीच्या गणित विभागात या पुस्तकांवर कठोर टीका झाली. १९८० साली लेव्ह पोंत्र्यागिन यांनी ‘कोम्युनिस्त’ या नियतकालिकातून जाहीर हल्ला चढविला. भूमितीचे पुस्तक पुढे मागे पडले. बीजगणित व कलनाची ओळख करून देणारे पुस्तक मात्र नंतरही दीर्घकाळ वापरात राहिले. ज्या वर्षी हा वाद शिगेला पोहोचला, त्याच १९८० साली त्यांना गणितातील वुल्फ पारितोषिक मिळाले.

अखेरचा काळ

उतारवयात कंपवाताने आणि क्षीण झालेल्या दृष्टीने त्यांना ग्रासले. मॉस्को येथे वयाच्या ८४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नोव्होदेविची दफनभूमीत त्यांची समाधी आहे. त्यांनी उभारलेली निवासी शाळा आज मॉस्को विद्यापीठाचा भाग असून कोल्मोगोरोव्ह यांच्याच नावाने ओळखली जाते.