परक्या बंदरातील मुका प्रवासी
(जपानचे जोसेफ हार्डी नीसिमा यांचे संक्षिप्त चरित्र)

कामधंद्यासाठी किंवा घरच्या आजारी माणसास घेऊन परमुलखातील एखाद्या मोठ्या शहरी जाण्याचा प्रसंग तुम्हांपैकी पुष्कळांस आला असेल. भोवती माणसांचा पूर लोटलेला असतो, परंतु त्यांच्या बोलण्यातील एक शब्दही आपणांस कळत नाही. वाट विचारावी तर शब्द सुचत नाही, आणि कोणी वाट सांगितली तर तिचा अर्थ लागत नाही. अशा वेळी चांगला जाणता मनुष्यही तान्ह्या मुलासारखा पराधीन होतो. तो मूर्ख नसतो, पण लोक त्यास मूर्ख समजतात. आणि काही वेळाने त्याचे त्यालाही तसेच वाटू लागते. ही स्थिती एका दिवसाची नव्हे, तर पुरे एक वर्ष ज्याने भोगिली, अशा एका तरुणाची कथा आज आम्ही सांगणार आहो.

त्याचे नाव नीसिमा. जपानी लोक त्याचा उच्चार नीजिमा असा करितात. इसवी सन 1843 च्या फेब्रुवारी महिन्यात येदो नगरात, म्हणजे ज्यास आज टोकियो म्हणतात त्या शहरात, आन्नाका येथील सरदाराच्या वाड्यात त्याचा जन्म झाला. त्याचे कुळ सामुराई, म्हणजे आपल्याकडील क्षत्रियांसारखे, शस्त्र बाळगणारे होते. वडील त्या सरदाराच्या पदरी लेखनिक असून मुलांस अक्षर वळविण्यास शिकवीत. आपल्यामागे मुलाने तीच लेखणी हाती घ्यावी, अशी त्यांची इच्छा होती.

त्या काळी जपानची दारे दोनशेहून अधिक वर्षे परक्यांस जवळजवळ बंद होती. राजाज्ञेवाचून कोणी देश सोडिला तर त्यास देहान्त शिक्षा होती, आणि ख्रिस्ती धर्मास सक्त मनाई असून तसे फलक गावोगावी लाविलेले असत. अशा देशात ह्या मुलाने एके दिवशी येदोच्या खाडीत डच लोकांचे एक मोठे लढाऊ जहाज पाहिले. आपल्या लोकांच्या लहान होड्यांच्या मानाने ते त्यास तरंगत्या किल्ल्यासारखे भासले. आपला देश मागे का राहिला, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या मनात घर करून बसला. तो डच भाषा, गणित आणि नौकानयन शिकू लागला.

पुढे दोन पुस्तकांनी त्याचे आयुष्य पालटले. एक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांविषयीचे चिनी भाषेतील पुस्तक होते. ते चीनमधील मिशनरी ब्रिजमन ह्यांनी लिहिले होते. प्रजा आपला अध्यक्ष स्वतः निवडते आणि गरिबांच्या मुलांसाठीही शाळा असतात, हे वाचून तो थक्क झाला. दुसरे, पवित्र शास्त्रातील कथा थोडक्यात सांगणारे चिनी पुस्तक एका मित्राच्या घरी त्याच्या हाती पडले. ते वाचणेही धोक्याचे असल्यामुळे तो रात्री ते वाची. आकाश आणि पृथ्वी ही देवाने केली, आणि तोच आपला खरा पिता आहे, हे त्यात त्यास आढळले. आईबाप आणि धनी ह्यांच्या आज्ञेबाहेर पाऊल टाकू नये, असे त्यास लहानपणापासून शिकविले होते. आता ह्या सर्वांच्या वरचा एक पिता आहे, तर आधी त्याचे ऐकिले पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले.

1864 साली तो उत्तरेकडील हाकोदाते बंदरी गेला. तेथे रशियन पाळक निकोलाय ह्यांच्या घरी राहून तो त्यांस जपानी भाषा शिकवीत असे. तेथेच एका परदेशी व्यापाऱ्याकडे कारकुनी करणारा फुकुशी नावाचा तरुण त्याचा मित्र झाला. त्या मित्राने बर्लिन नावाच्या अमेरिकन जहाजाच्या कप्तानाशी, सेव्हरी ह्यांच्याशी, बोलणे लाविले. जुलै महिन्यातील एका रात्री पहारेकऱ्यांची नजर चुकवून फुकुशीने त्यास होडीतून जहाजापर्यंत पोहोचविले. पकडला गेला असता तर मरण ठरलेले होते. तेव्हा त्याचे वय 21 वर्षांचे होते.

घरी सामुराई म्हणून मानाने वागलेला हा तरुण जहाजावर कप्तानाची खोली झाडू लागला आणि ताटवाट्या धुऊ लागला. इंग्रजी त्यास जवळजवळ येत नव्हती. एकदा भांड्यांचे पाणी समुद्रात फेकिताना त्यातील एक चमचा पाण्यात गेला. आता मार बसणार, असे वाटून त्याने जवळचे सर्व जपानी पैसे कप्तानापुढे ठेविले आणि खुणांनी आपला अपराध कबूल केला. कप्तान हसले आणि त्यांनी पैसे घेतले नाहीत. जिभेने जे सांगता येत नव्हते, ते हातांनी सांगितले. आणि ऐकणारा दयाळू असल्यामुळे तेवढे पुरे झाले.

परंतु सर्वच ऐकणारे दयाळू नसतात. त्याच प्रवासात एका माणसाने त्यास काही काम सांगितले. ते त्यास कळले नाही, म्हणून तो तसाच उभा राहिला. त्या माणसाने त्यास मारिले. वाचकहो, सामुराईच्या अंगावर हात टाकणे म्हणजे काय, हे आपण समजून घेतले पाहिजे. तसा अपमान रक्तानेच धुवावयाचा, अशी त्यांच्या कुळाची रीत होती. नीसिमा धावत आपल्या कोठडीत गेला आणि तलवारीस हात घातला. पण दारातून बाहेर पडण्यापूर्वी तो थबकला व खाली बसून विचार करू लागला. एवढेसे दुःख ज्यास सोसवत नाही, तो ज्या कामासाठी घर आणि देश सोडून निघाला आहे, ते काम कसे तडीस नेणार? त्याने तलवार पुन्हा ठेविली, आणि यापुढे कधीही तिचा आश्रय करावयाचा नाही, असा निश्चय केला.

शांघाय येथे तो वाइल्ड रोव्हर नावाच्या दुसऱ्या जहाजावर गेला. त्याचे कप्तान टेलर ह्यांस त्याचे जपानी नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्यास जो हे सोपे नाव दिले. हे जहाज हाँगकाँग बंदरी लागले, तेव्हा तेथे चिनी भाषेतील नवा करार विकत मिळतो, असे त्यास कळले. जवळ चालणारे नाणे नव्हते. सामुराई दोन तलवारी बाळगीत. त्यांतील धाकटी त्याने कप्तानांस विकली आणि त्या पैशातून नवा करार घेतला. ज्या शस्त्रास त्याने रागाच्या भरात हात घातला होता, त्या शस्त्रांपैकी एकाचा असा उपयोग झाला.

1865 च्या जुलै महिन्यात, हाकोदाते सोडल्यापासून सुमारे एक वर्षाने, जहाज अमेरिकेतील बोस्टन बंदरी लागले. आता सर्व सुलभ होईल, असे त्यास वाटले असेल. पण खरी परीक्षा पुढेच होती. कप्तान टेलर आपल्या आप्तांस भेटावयास गेले, आणि नीसिमा जहाज राखणाऱ्या आडदांड खलाशांबरोबर मागे राहिला. सुमारे दहा आठवडे तो तेथे कष्टाची कामे करीत होता. अमेरिकेतील यादवी युद्ध त्याच वर्षी संपले होते आणि सर्व वस्तू महागल्या होत्या. किनाऱ्यावर तुला कोणी विचारणार नाही, तुला पुन्हा समुद्रावरच जावे लागेल, असे ते खलाशी त्यास सांगत. इतके मोठे शहर डोळ्यांपुढे, पण त्यात ओळखीचा मनुष्य एकही नाही. शाळेत जावे तर पैसा नाही, आणि कोणापुढे मन मोकळे करावे तर भाषा नाही.

त्या शहरात त्याने रॉबिन्सन क्रूसोचे इंग्रजी पुस्तक विकत घेतले. निर्जन बेटावर एकट्या पडलेल्या त्या माणसाची गोष्ट त्याने जपानात असतानाच भाषांतरात वाचिली होती. त्यात संकटाच्या वेळी क्रूसो देवाची प्रार्थना करितो, ते वाचून नीसिमाही रोज रात्री प्रार्थना करू लागला. क्रूसो निर्जन बेटावर एकटा होता. हा तर हजारो माणसांच्या शहरात एकटा होता. आपणांस टाकून देऊ नये, एवढेच त्याचे देवाजवळ मागणे होते. त्या शहरात त्याचे बोलणे समजणारा दुसरा कोणी नव्हता.

त्या जहाजाचे मालक आल्फीयस हार्डी हे बोस्टनचे मोठे व्यापारी होते. तारुण्यात त्यांस पाळक व्हावयाचे होते, पण प्रकृतीने साथ दिली नाही. तेव्हा व्यापारात मिळेल ते देवाच्या कामी लावावे, असे त्यांनी ठरविले होते. कप्तानांकडून ह्या तरुणाची हकीकत ऐकून त्यांनी त्यास बोलाविले. देश सोडून का आलास, असे विचारिले. नीसिमा बोलू लागला, पण त्याची मोडकी इंग्रजी हार्डीसाहेबांस उमगेना.

येथे कोणी दुसरा असता तर खांदे उडवून त्याने त्यास घालवून दिले असते. हार्डीसाहेबांनी तसे केले नाही. खलाशांसाठी असलेल्या वसतिगृहात त्यांनी त्याची सोय लाविली आणि आपला हेतू लिहून दाखविण्यास सांगितले. ज्यास बोलता येत नाही, त्यास कदाचित लिहिता येईल. आणि लिहावयास वेळ लागत असेल, तर तो त्यास द्यावा, एवढा साधा विचार त्यांनी केला. नीसिमाने तेथे बसून आपली सर्व कथा लिहिली. तीत व्याकरणाच्या चुका ओळीओळीला होत्या. पण हार्डी पतिपत्नींनी चुका मोजिल्या नाहीत. त्यांनी आतला मनुष्य पाहिला. त्यांनी त्यास आपल्या मुलासारखे घरात घेतले आणि त्याच्या शिक्षणाचा सर्व भार उचलिला. जो ह्या नावाचे त्यांनी जोसेफ केले, म्हणजे आपल्या शास्त्रातील योसेफ. योसेफही परक्या देशात एकटा आणि परक्या भाषेत सापडला होता, आणि पुढे त्यानेच आपल्या लोकांस दुष्काळात जगविले.

जोसेफ अँडोव्हर येथील शाळेत शिकला. 1866 च्या डिसेंबरात त्याचा बाप्तिस्मा झाला. 1870 साली तो ॲमहर्स्ट कॉलेजातून पदवीधर झाला. पाश्चात्त्य कॉलेजाची पदवी मिळविणारा तो पहिला जपानी गणला जातो. 1872 साली जपान सरकारचे मोठे शिष्टमंडळ अमेरिकेस आले, तेव्हा दुभाष्या हवा म्हणून त्यांनी ह्याच तरुणास बोलाविले, आणि तो त्यांच्याबरोबर युरोपातही फिरला. सात वर्षांपूर्वी ज्याचे बोलणे कोणास कळत नव्हते, तो आता आपल्या राष्ट्राच्या अधिकाऱ्यांची जीभ झाला. 1874 साली बोस्टन येथे त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. येथून पुढे आम्ही त्यांचा उल्लेख आदरार्थी करितो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात रटलंड गावी अमेरिकन बोर्डाची सभा भरली होती. वाचकांस ठाऊक असेल की, ह्याच बोर्डाचे मिशनरी 1813 साली मुंबईस आणि 1831 साली अहमदनगरास येऊन आपल्या मराठी मंडळ्यांचा पाया घालिते झाले. जपानात ख्रिस्ती विद्यालय काढण्यासाठी साहाय्य मागावयास नीसिमा व्यासपीठावर उभे राहिले, आणि बोलता बोलता त्यांस रडू कोसळले. सुमारे पाच हजार डॉलरांची वचने मिळाली. सभा संपल्यावर एका गरीब शेतकऱ्याने जवळचे दोन डॉलर त्यांच्या हाती ठेविले. ते त्याचे आगगाडीचे भाडे होते. तो पायी घरी गेला. त्या दोन डॉलरांस नीसिमा आयुष्यभर विसरले नाहीत.

दहा वर्षांनी ते मायदेशी परतले. ख्रिस्ती धर्माविरुद्धचे फलक 1873 सालीच काढण्यात आले होते, तरी लोकांची मने अजून बंद होती. क्योटो हे बौद्ध देवळांचे जुने राजनगर. तेथे नेत्रहीन विद्वान यामामोतो काकुमा आणि मिशनरी डेव्हिस ह्यांच्या साहाय्याने त्यांनी 29 नोव्हेंबर 1875 रोजी अवघ्या आठ विद्यार्थ्यांवर दोशिशा विद्यालय सुरू केले. एका हेतूने एकत्र झालेल्यांची संस्था, असा त्या नावाचा अर्थ आहे. पुढल्याच वर्षी काकुमांची भगिनी याए ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

1880 साली वर्ग एकत्र करण्याच्या कारणावरून विद्यार्थी रुसले व वर्गात येईनात. नियमाप्रमाणे त्यांस शिक्षा व्हावयाची होती. एके सकाळी प्रार्थनेच्या वेळी नीसिमा काठी घेऊन उभे राहिले. दोष मुलांचा नव्हे, शिक्षकांचाही नव्हे, मुख्य ह्या नात्याने आपला आहे, असे सांगून त्यांनी त्या काठीने आपल्याच हातावर प्रहार करण्यास आरंभ केला. काठी मोडली, तरी ते थांबेनात. मुले रडू लागली, आणि एकाने पुढे होऊन त्यांचा हात धरिला. एका माराबद्दल ज्यांनी तारुण्यात तलवार हाती घेतली होती, तेच आता दुसऱ्यांच्या वाट्याचा मार आपल्या हातावर घेत होते.

विद्यालयाचे विश्वविद्यालय व्हावे म्हणून वर्गणी जमवीत फिरत असताना त्यांची प्रकृती ढासळली, आणि 23 जानेवारी 1890 रोजी ओइसो येथे, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ते प्रभूमध्ये निजले. त्यांचे स्वप्न मात्र पुरे झाले. दोशिशा विश्वविद्यालय आजही क्योटोत उभे आहे.

वाचकहो, ह्या चरित्रात ज्या माणसांकडे आपण लक्ष द्यावे, ती फार थोर नव्हेत. एकाने न समजणाऱ्यास मारिले. एकाने खुणांनी केलेली कबुली हसून मान्य केली. एकाने लिहावयास कागद आणि वेळ दिला. तिघांपुढे आलेला तरुण एकच होता. आपल्या गावीही परमुलखाचे मजूर येतात. दुकानापुढे, विहिरीवर, दवाखान्याच्या दारी ते खुणा करीत उभे असतात, आणि पोरे त्यांच्या बोलण्यास हसतात. त्यांच्यापैकी कोणाच्या मनात काय आहे, हे आपणांस ठाऊक नाही. पुढल्या वेळी असा कोणी मुका प्रवासी दारी आला, तर त्यास आधी बसावयास सांगा, पाणी द्या, आणि त्याचे म्हणणे कळेपर्यंत उतावळे होऊ नका.