इंटरला अडकलेला मुलगा नांदेडचा प्राचार्य कसा झाला?

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य म्हटलं की आजही अनेकांना आठवतात ते नरहर कुरुंदकर. पण हे प्राचार्य बाहेरून आलेले नव्हते. ते याच गावातल्या एका शाळेत मास्तर होते. आणि त्याआधी इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झाले होते!

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ चा. गाव नांदापूर, आजच्या हिंगोली जिल्ह्यातलं. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. नांदेडला कॉलेज नव्हतं. त्यामुळे कुरुंदकर हैदराबादला गेले. तिथे त्यांचे मामा डॉ. नारायणराव नांदापूरकर मराठीचे प्राध्यापक होते. वाचन अफाट झालं, पण परीक्षा काही जमली नाही. पदवी न घेताच ते परतले.

आता गोष्टीत दुसरे एक शिक्षक येतात, स्वामी रामानंद तीर्थ. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करण्याआधी ते हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांमध्ये मुख्याध्यापक होते. संस्थान भारतात विलीन झाल्यावर त्यांच्याच पुढाकारातून १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं.

कुरुंदकर १९५५ मध्ये नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिकवू लागले. शाळा सांभाळत त्यांनी राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं. एम.ए. झाल्यावर १९६३ मध्ये ते पीपल्स कॉलेजात मराठी शिकवायला लागले आणि १९७७ मध्ये तिथेच प्राचार्य झाले. शाळेच्या वर्गापासून प्राचार्यांच्या खुर्चीपर्यंत २२ वर्षं, तीही एकाच शहरात. याच काळात मागोवा, जागर, शिवरात्र ही पुस्तकं आली आणि महाराष्ट्र त्यांना विचारवंत म्हणून ओळखू लागला.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचं निधन झालं. वय अवघं ४९.

आज खासगी शाळांत मुख्याध्यापकपद साधारणपणे सेवाज्येष्ठतेने मिळतं. पण नुसती वर्षं मोजून नेतृत्व तयार होत नाही. कुरुंदकरांना वर्ग मिळाला, गावातच कॉलेज मिळालं आणि चुकल्यावर पुन्हा उभं राहायला वेळ मिळाला. फक्त मार्कशीट बघितली असती, तर नांदेड या प्राचार्याला मुकलं असतं.

तुमच्या शाळेतला पुढचा मुख्याध्यापक कदाचित आत्ता पाचवीच्या वर्गावर शिकवत असेल. त्याच्याकडे कुणाचं लक्ष आहे का?