रमाबाईंना उत्तर कोठे मिळाले?

गेल्या संक्रांतीला आपल्या मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात पंडिता रमाबाईंचा विषय निघाला होता. एका भगिनीने सहज विचारले, की एवढी संस्कृत शिकलेली, पुराणे तोंडपाठ असलेली बाई, तिने धर्म का बरे बदलला असेल? लगेच दुसरी म्हणाली, की विलायतेला जायला मिळाले म्हणून, दुसरे काय! सगळ्या हसल्या आणि विषय तेथेच राहिला.

त्या वेळी मी गप्प बसले. आमचे घर ख्रिस्ती. मी बोलले असते तर आपल्या माणसाची बाजू घेते असे वाटले असते. पण घरी आल्यावर मनाला चुटपुट लागून राहिली. रमाबाईंची हकीकत माझ्या आजीने मला लहानपणी सांगितली होती, पुढे त्यांचे चरित्रही वाचले. माझे शिक्षण बेताचेच, तरी यंदाच्या स्मरणिकेत त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे असे ठरवले. प्रश्न खरा होता आणि खऱ्या प्रश्नाला हसण्यावारी नेऊ नये.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवायचे, असे त्यांनी मनावर घेतले. त्या काळी हे लोकांना कसे सोसणार? विरोध झाला, तेव्हा ते बायकोला घेऊन रानात राहायला गेले. तेथे विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, सर्वांना जेवायला घालावे लागे. त्यात कर्ज झाले, घरदार गेले आणि सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमाबाई तेव्हा तान्ह्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून गड्याच्या डोक्यावरून त्यांना रानाबाहेर आणले. पुढे देवळात, घाटावर, धर्मशाळेत पुराण सांगायचे आणि मिळेल त्यावर राहायचे, असा संसार. आई लक्ष्मीबाई पहाटे मुलीला उठवून श्लोक पाठ करून घेत.

मग १८७४ च्या सुमाराचा दुष्काळ आला. या कुटुंबाने आयुष्यभर व्रते केली, दाने दिली, मूर्तीपुढे तासन्‌तास पाठ केले. आता देव धावून येईल या आशेवर त्यांनी उरलेले भांडेकुंडेही विकले. शेवटी झाडाचा पाला खाण्याची पाळी आली. वडील गेले, थोड्याच दिवसांनी आई गेली, मग थोरली बहीण कॉलऱ्याने गेली. आईच्या तिरडीला चौथा खांदा मिळेना. तेव्हा रमाबाईंनी पुढे होऊन खांद्याची जागा घेतली. उंची कमी, म्हणून तिरडी डोक्यावर घ्यावी लागली. वय असेल सोळा.

भगिनींनो, पहिला प्रश्न त्यांच्या मनात येथे उभा राहिला असे मला वाटते. आम्ही सगळे केले, मग देवाने का ऐकले नाही? हा प्रश्न ज्या घरात मरण येऊन गेले त्या प्रत्येक घरात विचारला जातो. तो विचारायला पंडिता असावे लागत नाही.

भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई दोघेच उरली. हजारो मैल पायी फिरली. थंडीत पांघरूण नाही म्हणून नदीकाठी वाळूत खड्डा खणून, अंगावर वाळू ओढून झोपली. असे करीत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तेथे मात्र नशीब पालटले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून पंडित मंडळी थक्क झाली. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. सभा भरू लागल्या. स्त्रियांपुढे व्याख्याने द्यावीत म्हणून धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचायला दिले, आणि केशवचंद्र सेन यांनी वेद वाचण्याचा आग्रह केला.

वाचता वाचता दुसरा प्रश्न आला आणि तो पहिल्याहून कठीण होता. इतर बाबतींत ग्रंथांचे मतभेद होते, पण स्त्रीच्या बाबतीत बहुतेकांचे एकमत आहे, असे त्यांना आढळले. स्त्री म्हणून तिला मोक्ष नाही. नवऱ्याची सेवा करून पुढचा जन्म चांगला मिळवायचा, एवढेच. हे त्यांचे वाचन होते. आपल्याकडच्या संतांनी वेगळे सांगितले आहे हे मलाही ठाऊक आहे, आणि जनाबाई, बहिणाबाई तुमच्याइतक्याच माझ्याही आहेत. पण रमाबाईंनी जे वाचले त्याने त्यांच्या मनातला आधार निखळला, हे खरे.

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा. आसामात सिल्चरला संसार मांडला. मनोरमा झाली. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवराही नेला. रमाबाई तेविसाव्या वर्षी विधवा, पोर दहा महिन्यांची. सिल्चरच्या घरातच नवऱ्याच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका त्यांच्या हाती लागली होती. ती त्यांना आवडली, पण त्यांनी ख्रिस्ती व्हावे हे नवऱ्याला पसंत नव्हते. गोष्ट तेथेच राहिली.

त्या पुण्याला आल्या. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज स्थापला. आपण आज मंडळ म्हणून एकत्र बसतो, त्या वाटेवर आपल्याकडे फार लवकर पाऊल टाकणारी ही बाई. त्याच वर्षी हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन, मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असे त्यांनी सांगितले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांच्या घरी त्यांना मान होता. विलायतेच्या लोभाने धर्म सोडला असे म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे, की धर्म सोडला तेव्हा हा मान गेला.

डॉक्टरी शिकावी म्हणून १८८३ मध्ये त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ हे स्वतःचे पुस्तक विकून वाटखर्च उभा केला. कानाने कमी ऐकू येई, त्यामुळे डॉक्टरीचे जमले नाही. वाँटेज गावच्या मठातील भगिनींकडे त्या राहिल्या. त्या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक घर होते. तेथे वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांना सांभाळीत. रमाबाई ते पाहायला गेल्या आणि थबकल्या. अशा बायकांना शिक्षा द्यावी हे त्यांनी वाचले होते. त्यांना जवळ घ्यावे, त्यांची सेवा करावी, हे त्यांना नवीन होते. असे का करता म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा दाखवण्यात आली. ती परक्या जातीची, पाच नवरे झालेली, आणि भर दुपारी एकटी पाण्याला आलेली. प्रभू येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि देवाविषयीच्या मोठ्या गोष्टी तिच्याशी बोलतो.

रमाबाईंना त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळाले. ज्याच्या दारात अशा बाईलाही जागा आहे, तो आपल्यासारखीला परत पाठवणार नाही, हा भरवसा आला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पण त्यांचे विचारणे थांबले असे कोणी समजू नये. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, हेही त्यांनी विचारले. शाकाहार सोडला नाही. कोणी सांगितले म्हणून मान डोलवायची, हे त्यांना नव्या धर्मातही जमले नाही. आणि खरे सांगायचे तर मनाला पुरती शांतीही लगेच मिळाली नाही. धर्म मिळाला, पण ज्याच्या नावाचा तो धर्म तो अजून भेटला नाही, असे त्यांना वाटत राहिले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपण आहोत तशाच त्याच्याकडे जायचे असते, आधी लायक व्हावे लागत नाही, हे त्यांना उमगले. व्रते करून देवाला वश करण्याची लहानपणापासूनची धडपड तेथे संपली.

मधल्या काळात १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला हजर राहिल्या आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले. जमलेल्या मदतीतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईला विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या आणि हिंदूच राहिल्या. सदनात धर्माची सक्ती नव्हती. मात्र रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडे असे आणि काही मुली जाऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात मोठे वादळ झाले. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा राग मला कळतो. आपली पोर विश्वासाने ठेवली तर आईबापांना काळजी वाटणारच. पण रमाबाईंना तरी आपल्या घरी दार लावून प्रार्थना करता आली असती का? हा पेच आजही सोपा नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि भुकेने हाडे उरलेल्या मुली, विधवा घेऊन आल्या. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांनी मुक्ती सदन उभे केले. सोळाव्या वर्षी पाला खाऊन जगलेली बाईच ती भूक ओळखणार. १९०० च्या सुमारास तेथे दीड हजारांहून अधिक जणी होत्या. शेती, विणकाम, दुभती जनावरे, छापखाना, सगळे बायकाच चालवीत. आंधळ्यांची सोय होती. आणि कृपा सदन नावाचे वेगळे घर वाट चुकलेल्या बायकांसाठी होते. फुलहॅमला जे पाहिले ते त्यांनी केडगावला करून दाखवले.

मग पहिल्या प्रश्नाचे काय? आईबाप का गेले, याचे उत्तर त्यांना मिळाले का? मला वाटते, तसे उत्तर कोणालाच मिळत नाही. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करीत होत्या. त्याच काळात, १९२१ च्या जुलैत, शिकून सवरून हाताशी आलेली मनोरमा गेली. ज्या बाईने सगळी माणसे पोचवली, तिला लेकही पोचवावी लागली. तरी त्या भाषांतराला बसत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. केडगावचे काम आजही चालू आहे.

दुःख टळले नाही, पण दुःखात आपण एकट्या नाही हे त्यांना कळले होते. आशा म्हणतात ती हीच, असे आजी सांगे. माझ्या घरी मरण येऊन गेले तेव्हा मला तिचे म्हणणे पटले.

कोणी धर्म बदलावा म्हणून मी हे लिहिलेले नाही. तुमच्या देवघरातला दिवा तेवत राहो. पण पुढच्या वेळी हा विषय निघाला तर मी गप्प बसणार नाही, आणि तुम्हीही हसण्याआधी त्या सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरची तिरडी आठवा, एवढेच मागणे.