इगोर सिकोर्स्की : एका खेपेला एकच माणूस

पुरात छतावर अडकलेल्या माणसाला दोराने वर ओढून घेणारं हेलिकॉप्टर आपण टीव्हीवर कितीदा तरी बघितलं आहे. ते यंत्र ज्याने प्रत्यक्षात आणलं, त्या इगोर सिकोर्स्की यांच्याबद्दल मला लिहायचं आहे.

त्यांचा जन्म १८८९ साली कीव्हमध्ये झाला. १९०९ मध्ये, म्हणजे अगदी आपल्याच वयात, त्यांनी पहिलं हेलिकॉप्टर बांधलं. ते उडालंच नाही! तेव्हाची इंजिनं जड होती आणि त्यांची ताकद कमी पडायची. मग ते विमानांकडे वळले आणि रशियात त्यांनी चार इंजिनांची विमानं बनवली. क्रांतीनंतर सगळं सोडून १९१९ मध्ये ते अमेरिकेत पोचले. तिथे आधी रशियन निर्वासितांना गणित शिकवून पोट भरलं. १९२३ मध्ये कोंबड्यांच्या फार्मवर स्वतःची कंपनी काढली. हेलिकॉप्टर मात्र डोक्यातून गेलं नव्हतं. शेवटी १४ सप्टेंबर १९३९ रोजी, पन्नाशीत, त्यांनी व्हीएस-३०० स्वतः चालवलं. दोरांनी बांधलेलं ते यंत्र काही सेकंदच हवेत राहिलं, पण राहिलं.

त्यातूनच पुढे आर-४ तयार झालं. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशात जपानी फौजेच्या पिछाडीला एक छोटं विमान जंगलात पडलं. पायलट आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक अडकले. शत्रू जवळपासच होता. लेफ्टनंट कार्टर हरमन हा अमेरिकन पायलट आसाममधल्या लालाघाटहून आर-४ घेऊन निघाला आणि टप्प्याटप्प्याने इंधन भरत तिथवर पोचला.

खरा पेपर इथे होता. गरम हवा विरळ असते, त्यामुळे रोटरची उचल घटते आणि इंजिनही दमतं. जास्त इंधन घेतलं तर माणूस उचलता येत नाही, कमी घेतलं तर परत येता येत नाही. एका खेपेला एकच माणूस, हा हिशोब पक्का होता. म्हणून प्रवासाचे दोन भाग केले. जंगलातून नदीकाठच्या वाळूपर्यंत हेलिकॉप्टर, तिथून पुढे साधं विमान. पहिल्या दिवशी दोघे निघाले आणि इंजिन तापलं. उरलेल्या दोघांना ती रात्र जंगलातच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी तेही सुटले.

घाईत चौघांना लवकर हलवायचा मोह कोणालाही झाला असता. मला वाटतं, यंत्राची मर्यादा मान्य केली म्हणूनच चौघे वाचले.

१९७२ मध्ये सिकोर्स्की गेले. हेलिकॉप्टरने वाचवलेल्या जिवांचा त्यांना सगळ्यात जास्त अभिमान होता. आजही बचावाला निघणारा क्रू उड्डाणाआधी वजन, इंधन, तापमान आणि अंतर यांचाच हिशोब मांडतो, तोही काही मिनिटांत. तेव्हा दोस्तहो, न्यूमेरिकल सोडवताना उत्तराच्या पलीकडे कोणीतरी वाट बघतंय, एवढं लक्षात ठेवूया!